शेरीफला धरायचं कोणी?

डच हार्बर, अलास्का
२१ ऑगस्ट १९९४

वॉरनदादा,

वर्षभराने तुझं पत्र आलं आणि त्यात ओळी पाच. त्यातली एक हवामानाची. तिकडे इंडियानात उकडून काढतंय म्हणे. इथे ऑगस्टातच बोटं वळत नाहीत, म्हणून अक्षर हे असं. तसं ते शाळेत होतो तेव्हाही असंच होतं, उगाच थंडीला कशाला बोल लावू.

उरलेल्या चार ओळींचं सार एवढंच की राज्याच्या पोलिसांपुढे मी तोंड उघडू नये. उशीर केलास. उघडलं.

तुमच्याकडे घरोघर चौकशी करत फिरतेय ना ती टिप्टनबाई, राज्य पोलिसांची डिटेक्टिव्ह, तिने इथल्या मासळीच्या कारखान्यात फोन लावला. मला आधी वाटलं, घरचं कोणी गेलं. मग चार दिवसांनी इकडच्या राज्याचा एक पोलीस पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून आला, जेवणघरात माझ्यासमोर टेप ठेवून बसला आणि म्हणाला, "कर सुरू." मी म्हटलं, "कुठून?" तो म्हणाला, "जिथे आलं की तुझी झोप उडते, तिथून." हुशार माणूस. त्याची कॉफी गार होऊन गेली, पण त्याने मला एकदाही मध्ये तोडलं नाही. तुझ्यासारखा नाही.

काय बोललो ते तुलाही लिहितो. म्हणजे कोर्टात पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करायची तसदी नको.

गेल्या वर्षी जत्रेत मी त्या गॅरेजवाल्याच्या पोराच्या नाकावर एक ठेवून दिली आणि सिटी पोलिसांनी मला उचललं. आपल्या गावाला स्वतःचा तुरुंग नाही. गावाने धरलेला माणूसही जातो काउंटीच्याच तुरुंगात, म्हणजे शेरीफच्या ताब्यात. डेलकाका ऑटिंजरच्या ताब्यात. (अजून काका म्हणतोय बघ. जीभ लवकर सुधारत नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आम्हां पाच जणांना व्हॅनमध्ये घातलं. म्हणाला, "चला पोरांनो, जरा हवा खायला." हवा त्याच्या स्वतःच्या शेतावरची. तंबाखू कापणीला आली होती. मजूर पैसे मागतात, कैदी मागत नाहीत.

तू ते काम कधी केलं नाहीस, बाबांनी तुला कायम टाय लावून आपल्या मयतांच्या दुकानातच ठेवलं. कापलेली झाडं काठीला टोचायची आणि ती काठी कोठारात उंच टांगायची. खालच्याने द्यायची, मधल्याने घ्यायची, अगदी वरच्या बल्लीवर पाय फाकून उभा असलेल्याने लावायची. मधे मी. वर ऑरी फेल्प्स. छपरं घालणारा ऑरी, दारू पिऊन गाडी चालवली म्हणून दोन महिने आत होता. त्याला उंचीचं काय! वरून मला ओरडला, "टोब्या, हात चालव. इथून मला माझं घर दिसतंय. नडीन कुंपणाशी कोणाशी बोलत उभी आहे ते नीट बघायचंय मला." मी हसत हसत काठी वर केली आणि त्याच्या पायाखालची बल्ली मोडली. कुजलेली होती. तो माझ्याजवळून खाली गेला. इतक्या जवळून की त्याची बाही माझ्या गालाला लागली.

ऑटिंजर आला. बघितलं. हॅट काढली, परत घातली. म्हणाला, "हा तुरुंगाच्या जिन्यावरून पडला. कळलं का सगळ्यांना?" आणि आमच्याच हातून त्याला परत नेऊन जिन्याच्या पायथ्याशी ठेवला. तिथून तू त्याला उचललास.

इथवर टेपवर आहे. पुढचं नाही. पुढचं तुझ्यासाठी ठेवलंय.

ऑरीचे हात तू धुतलेस, दादा. हिरव्या तंबाखूचा चीक हाताला बसला की काळा ठिक्कर होतो आणि साबणाला दाद देत नाही. आपल्या काउंटीत शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. डांबर असेल म्हणून स्वतःची समजूत घालू नकोस, दोन महिने तुरुंगात बसलेल्या माणसाच्या हाताला कुठलं आलं डांबर? तू वास घेतला असशील. घेतलासच.

आणि मग तू त्याला हातमोजे घातलेस. पांढरे. छपरं घालणाऱ्याला, तेही उघड्या पेटीत! मी सुटलो तोवर दफन उरकलं होतं, पण ओपलमावशीने सांगितलं मला. नडीनने भर लोकांत विचारलं, "हे काय? माझा नवरा बँडात वाजवायचा का?" आणि तू म्हणालास, हातांना फार मार लागला होता. मग काउंटीचा कॉरोनर म्हणून सही ठोकलीस. अपघात. जिना.

मी तुझ्याकडे आलो, सगळं सांगितलं. तू विचारलंस, "तू तेव्हा शुद्धीवर होतास का?" आठवड्याने बसचं तिकीट माझ्या हातात ठेवलंस. मी गेलो. का गेलो ते सोड, इथे मुद्दा मी नाही.

तेव्हा गप्प बसायला आता दुसरा कोणी बघ.

टोबी

११ सप्टेंबर १९९४

दादा,

ओपलमावशीने फोनवर सांगितलं आणि मी इतक्या मोठ्याने हसलो की जेवणघरातल्या लोकांना वाटलं, मला लॉटरी लागली.

जज्जने वॉरंट काढलं. शेरीफ डेल ऑटिंजर, कैद्यांना स्वतःच्या शेतात राबवलं आणि ऑरीच्या मरणाची खोटी हकीकत दिली म्हणून. आणि ते बजावायचं कोणी, तर काउंटीचे कॉरोनर श्री. वॉरन क्लेमर यांनी!

माझ्या शेजारी डॅनिलो नावाचा फिलिपिनो उभा असतो, वयाने बाबांएवढा. मासे कापता कापता त्याला सांगायला गेलो तर त्याचं डोकंच फिरलं.

"वॉरंट निघालंय ना, मग पोलीस धरत का नाहीत त्याला?"

"कुठले पोलीस?"

"म्हणजे? किती आहेत तुमच्यात?"

"तीन तऱ्हेचे. गावाचे सिटी पोलीस. काउंटीचा शेरीफ आणि त्याचे डेप्युटी. आणि सगळ्यांच्या वर राज्याचे."

"आणि चोर?"

"चोर एकच."

"मग तो कोणाचा?"

"पळता पळता ज्याच्या हद्दीत दमेल त्याचा."

डॅनिलो म्हणाला, "आमच्या गावात एकच पोलीस होता, आणि तो चोराचा मेव्हणा. पण कोणाकडे जायचं ते तरी ठाऊक होतं."

मग मी त्याला तुझं कोडं सांगितलं. शेरीफला धरायला शेरीफचेच डेप्युटी कसे जाणार? त्यांना कामावर ठेवणारा तो, काढणारा तो. म्हणून फार पूर्वी कोणीतरी शहाण्याने कायद्यात लिहून ठेवलं की खुद्द शेरीफवर वॉरंट निघालं तर ते बजावायचं काम फक्त कॉरोनरचं, राज्याच्या पोलिसांचंही नाही. मेलेल्यांची चौकशी करणाऱ्याचं. बाबा कॉरोनर होते तेव्हा हसून म्हणायचे ना, "जिवंत माणसांपैकी एकालाच धरायचा हक्क मला आहे, आणि नेमका तोच माझ्याबरोबर ससे मारायला येतो." आपण सगळे हसायचो. डेलकाकाच सगळ्यात जास्त हसायचा.

आता हसतोय तो असा. मावशीने सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो. तिच्या कॅफेत नेहमीप्रमाणे तो सकाळी काउंटरला टेकून बसला होता आणि शेजारी सिटी पोलिसांचा चीफ पिकेट. मावशीने पिकेटलाच धरलं.

"काय रे, हा रोज सकाळी इथे, तुझ्या हद्दीत येऊन अंडी खातो. तू का नाही धरत?"

"ओपल, वॉरंटवर नाव वॉरनचं आहे. मी फार तर त्याची गाडी चुकीच्या जागी लागली तर दंड करीन."

"मग तेवढं तरी कर की!"

"शेरीफची गाडी चुकीच्या जागी नसतेच. तो लावतो ती जागा बरोबर होते."

यावर ऑटिंजर म्हणाला, "वॉरनने मला उचलायचं म्हणजे आधी मला मरावं लागेल. तोवर अजून थोडं लोणी आण, ओपल." सगळं कॅफे हसलं.

तूही होतास म्हणे तिथे, कोपऱ्यातल्या टेबलाशी. तू हसलास का? मावशीने ते सांगितलं नाही आणि मी तिला विचारलं नाही. तुला विचारतो.

टोबी

२४ सप्टेंबर १९९४

दादा,

निवडणुकीनंतर! वा!

नोव्हेंबरात शेरीफची निवडणूक आहेच, लोकच काय ते ठरवतील, असं लिहितोस. काय ठरवायचं लोकांनी? ऑरी जिन्यावरून पडला की कोठारात, यावर मतं टाकायची? आणि तो निवडून आला म्हणजे काय, जिना जिंकला?

जज्जने "सवड मिळाल्यावर" असं काही लिहिलंय का त्या वॉरंटवर? तुझी गेल्या दोन आठवड्यांतली सवड मला माहीत आहे. मावशी म्हणते, तू मयताची गाडी धुतोस, पुसतोस आणि परत धुतोस. असंच चाललं तर तिचा काळा रंग निघून ती पांढरी पडेल एक दिवस.

तुझ्याने होत नसेल तर मला सांग. शाळा सोडल्यावर तुझ्याबरोबर मयतं उचलायला मीच यायचो ना? मला डेप्युटी कॉरोनर केलं होतंस त्यासाठी. मी एका हातात सँडविच घेऊन दुसरा हात वर केला होता आणि तू रागावला होतास. ती शपथ कोणी परत घेतल्याचं मला आठवत नाही. मग मी अजून डेप्युटीच आहे. तू फक्त हो म्हण. इथून निघतो, येतो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. तुला कॅफेच्या दारातसुद्धा यायला नको.

हो की नाही, एवढंच लिही. हवामान नको.

टोबी

९ ऑक्टोबर १९९४

दादा,

आठ पानं! तुला एवढं लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं. दोनदा वाचली. काही शब्द डॅनिलोला विचारावे लागले, त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे. म्हणजे तुझं गुपित आता त्यालाही कळलं. त्याने पत्र घडी करून परत दिलं आणि म्हणाला, "तुझा भाऊ घाबरट आहे, पण खोटा नाही." मी म्हटलं, "दोन्ही आहे." तो म्हणाला, "होता."

आधी डेप्युटीचं. तू म्हणतोस, साक्षीदारानेच आरोपीला धरलं तर त्याचा वकील कोर्टात नाचेल, म्हणेल हा सगळा पोराचा सूड आहे, आणि टिप्टनबाईची वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल. बरोबर आहे. मला राग आला, मी इथल्या पत्र्याच्या भिंतीला लाथ मारली, अंगठा सुजलाय. पण बरोबर आहे. म्हणजे मी नाही. म्हणजे तूच. स्वतःच स्वतःला कोपऱ्यात घातलंस बघ.

मग हातांचं. आधी लिंबू, मग टर्पेंटाइन, मग ब्लीच, तरी नखांच्या कडांना काळं राहिलंच, म्हणून मोजे. "त्या वेळी मी काहीच विचार केला नाही, फक्त त्याचे हात कोणाला दिसू नयेत एवढंच मनात होतं." तुझंच वाक्य आहे. दादा, तोच तो विचार. याहून वेगळा विचार कसा असतो?

तिसरं म्हणजे ऑटिंजर तुझ्याकडे येऊन गेला ते. बाबांच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "पोरा, मी गेलो तर तुझी ती सहीही माझ्यामागून येणार. आपण दोघं एकाच खुंट्याला बांधलेले." यावर तू मला विचारतोस, माझं कॉरोनरपद जाईल, धंदा बसेल, जूडिथचं आणि मुलींचं काय?

जाईल. मी तुला खोटा धीर देणार नाही. पद तर जाईलच. धंदाही कदाचित जाईल, आपल्याकडचे लोक मेल्यावरही कोणाकडे जायचं ते आधी शेरीफला विचारून ठरवतात. पण तो म्हणतो ते एक खोटं आहे. खुंटा एकच असेल, दावं तुझ्या गळ्यातलं तू सोडू शकतोस. त्याला सोडता येत नाही, म्हणून तर तो तुझ्या घरी आला. शेरीफ कॉरोनरच्या घरी हात जोडायला येतो, हे बाबांनी तरी कधी पाहिलं होतं का?

परवा इथे काय झालं ते सांगतो. मासे पुढे सरकवणाऱ्या आमच्या पट्ट्याशेजारी एक लाल बटण आहे. वर लिहिलंय, धोका दिसला तर कोणीही दाबा. कोणीही दाबत नाही. पट्टा थांबला की मागे मासळीचा ढीग साचतो आणि मुकादम आईबहिणीवरून सुरू होतो. डॅनिलोच्या हातमोज्याचं टोक पट्ट्यात गेलं, मी दाबलं. सगळं घरघरत थांबलं. एकदम एवढी शांतता की बाहेरचे समुद्रपक्षी ऐकू आले. मुकादम ओरडला, "कोणी दाबलं?" मी म्हटलं, "मी." "उद्यापासून ये बर्फ उपसायला!" म्हटलं, "येतो." आता मी बर्फ उपसतो. डॅनिलोची बोटं शाबूत आहेत. त्याने आभारबिभार मानले नाहीत, उलट मोजा फाटला म्हणून माझ्यावरच करवादला. पण सकाळी माझ्या ताटात त्याच्या वाटणीचा मासा होता.

तू विचारतोस, बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं. मी खूप वेळ विचार केला. मला वाटतं, बाबांनी केलं नसतं. डेलकाकाला बोलावलं असतं, मागच्या व्हरांड्यात बसले असते, दोन बाटल्या उघडल्या असत्या आणि सकाळी सगळं मिटलं असतं. ऑरी जिन्यावरूनच पडला असता.

मग? बाबांनी केलं नसतं म्हणून तू करायचं नाही?

नडीनकडे आधी जा. वॉरंटच्याही आधी. ती दार तोंडावर आपटेल. तरी जा.

टोबी

ता.क. माझ्या पत्रांतल्या चुका तू लाल शाईने सुधारून परत पाठवायचास, आठवतं? आताही सुधारायच्या असतील तर सुधार. पण सध्या त्या बाजूला ठेव, सुधार हे झाल्यावर.

३० ऑक्टोबर १९९४

दादा,

तुझं पत्र नाही, तू फोन उचलत नाहीस, आणि ओपलमावशीने मात्र मला तीनदा फोन करून तेच ते सांगितलं. दर वेळी थोडं वाढवून. तेव्हा मी आता तुला तुझीच गोष्ट सांगतो. कुठे चुकलं तर बोल.

गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी, कॅफे भरलेलं. ऑटिंजर काउंटरवर, पुढ्यात पॅनकेक. दोन स्टुलं सोडून चीफ पिकेट. बाहेर चौकात राज्य पोलिसांची गाडी, आत टिप्टनबाई, इंजिन चालू ठेवून. तिला सगळं करता येत होतं, फक्त ते एक सोडून.

तू आलास. काळा सूट, काळा टाय, बूट पॉलिश केलेले, जसा दफनाला जातोस तसा. आणि दारात मयताची गाडी, कारण दुसरी जूडिथवहिनी कामावर घेऊन गेली होती. मावशी म्हणते, तुला त्या वेषात बघून दोन बायकांनी आपोआप चमचे खाली ठेवले.

ऑटिंजरने मान वळवली. आयुष्यभर तुला आणि बाबांना बघून तो जे विचारत आला तेच सवयीने तोंडातून गेलं:

"काय वॉरन, कोण गेलं?"

"ऑरी फेल्प्स."

मावशी म्हणते, तव्यावर बेकन करपत होतं आणि तिला उलथणं उचलायचं सुचेना.

"तो तर गेल्या वर्षीच गेला."

"हो. मला यायला उशीर झाला."

दादा, हे तू खरंच बोललास का? की मावशीने लावून दिलं? तसं असेल तर सांगू नकोस.

मग त्याने तोंड पुसलं. हळूहळू, प्रत्येक बोट वेगळं. म्हणाला, "हातकड्या आणल्यास?"

"नाही."

"पिस्तूल?"

"नाही."

"मग आणलंस तरी काय?"

"गाडी. पुढे बसायचं का मागे, ते तुम्ही ठरवा."

कॅफेत मागून कोणाला तरी हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. ऑटिंजरने पिकेटकडे पाहिलं. पिकेटने कपातली उरलेली कॉफी एका दमात संपवली, उठला आणि दार उघडून धरलं. एवढंच. दाराशी ऑटिंजरचे दोन डेप्युटी उभे होते, त्यांनीही बाजूला सरून वाट दिली. मावशी म्हणते, ते दोघं भ्याले होते. टिप्टनबाई म्हणते, त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं. दोघी एकाच खिडकीकडे बघत होत्या, एक आतून आणि एक बाहेरून, तेव्हा कोणाचं खरं धरायचं ते तू ठरव.

तो पुढे बसला. तू त्याच्यासाठी दार लावलंस. हलकेच, मयताच्या नातेवाइकांसाठी लावतोस तसं. हेही मावशीचं.

पुढचं टिप्टनबाईकडून. साक्षीची तारीख कळवायला तिने काल फोन केला, आणि ती फार बोलणारी बाई नाही, पण हे सांगितल्याशिवाय तिला राहवलं नाही. त्याला त्याच्याच तुरुंगात कसा ठेवणार, म्हणून तू शेजारच्या काउंटीत नेलास, आणि ती अख्खा रस्ता तुझ्यामागून होती. आपल्याकडे मयताची गाडी दिसली की लोक कडेला थांबतात. तसे थांबत होते. ट्रॅक्टर थांबले, दुधाचा ट्रक थांबला, म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. आणि तुझ्या शेजारी बसलेला ऑटिंजर डाव्या-उजव्या बाजूला हॅटला हात लावून सगळ्यांचे नमस्कार घेत होता! निवडणूक तोंडावर आली ना. ती म्हणाली, "मला हसावं की रडावं कळेना, मी फक्त गाडी चालवली." मी हसलो. बर्फाच्या खोलीत एकटाच होतो, हसलो, आणि मग काय झालं ते लिहीत नाही.

तुम्ही दोघं वाटेत काय बोललात ते कोणालाच माहीत नाही. मला सांगायचं असेल तर सांग. नसेल तर तुझ्यापाशी ठेव, तेवढं तुझं.

त्यानंतर तू टिप्टनबाईसमोर बसलास आणि हातांचं सगळं सांगितलंस, लिंबापासून मोज्यांपर्यंत. कॉरोनरपद सोडलंस. तुझ्यावर काय येईल ते तिलाही अजून माहीत नाही. नडीनकडे आधी गेला होतास हेही कळलं. तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं. नीट केलं तिने. तू परत जाऊ नकोस, तिला यायचं तेव्हा ती येईल, नाही तर नाही येणार.

आणि आता मावशी सांगते, चर्चमध्ये तुमच्या बाकावर कोणी बसत नाही. हार्डवेअरवाला तुला पाहून आतल्या खोलीत जातो. दोन घरांनी आपली आधीपासून ठरवलेली दफनं दुसरीकडे नेली. मुलींना शाळेत कोणीतरी काय काय म्हणालं. तू रात्री दिवा न लावता दुकानात बसून असतोस म्हणे, आणि वहिनीला म्हणालास की टोबीने लिहिलं नसतं तर बरं झालं असतं.

मी लिहिलं. आणखी लिहीन. पुढच्या आठवड्यात मी साक्षीला येतोय. आधी तुझ्याकडे येणार, समोरच्या दाराने, भर दुपारी, सगळा चौक बघत असताना. बघू देत. तू बाहेर ये आणि पायरीवर माझ्याशेजारी बस. काही बोललं नाही तरी चालेल.

आणि त्या लोकांना माझा एक निरोप दे. ज्यांना वॉरन क्लेमरशी बोलायचं नसेल त्यांनी आपापली मयतं खुशाल शेजारच्या काउंटीत न्यावीत. रस्ता ठाऊक नसेल तर ऑटिंजरला विचारावा.

तुझा धाकटा,
टोबी